साहेबांचा डावा डोळा

आमच्या आत्याचा आवाज बागेच्या एका टोकाला निघाला की दुसऱ्या टोकाला द्राक्षाचे घड औषधात बुडवणारी बाई हातातला मग खाली ठेवून उभी राहायची. मग तो आवाज तिच्यासाठी असो वा नसो. सायखेड्यात आत्याला नावाने कुणी हाक मारत नसे. मजूर, ट्रॅक्टरवाले, औषधाचे दुकानदार, एवढंच काय तिचा सख्खा मुलगा दिलीपसुद्धा चारचौघांत तिला 'साहेब' म्हणायचा. नऊवारी लुगडं, पायांत गमबूट आणि डोक्यावर दिलीपची जुनी क्रिकेटची टोपी, अशी ही बाई ओळीतून चालत आली की कुणी ना कुणी बोलणी खायचंच. खाऊन झाली की "चुकलं, साहेब" म्हणायचं, अशी तिथली रीत होती. तेवढं म्हटलं की ती लगेच त्या माणसाला चहा सांगायची. नाही म्हटलं तर विषय संध्याकाळपर्यंत चालायचा.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसावरचा राग सोडून द्यावा असं घरातल्यांनी मला बऱ्याचदा सांगून पाहिलं. मी सोडलेला नाही. तिच्या उजव्या डोळ्याबद्दल माझी कुणाशी तक्रार नाही, तो आम्हाला कळायच्या आतच गेला होता. पण डावा डोळा वाचायचा होता, तो पुरता वाचवता आला असता, आणि तो आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिने स्वतःच्या हुशारीने घालवत नेला. हुशारीने म्हणतोय मी. मूर्खपणाने घालवला असता तर मी एवढा चिडलो नसतो.

तिची हुशारी म्हणजे सॅम्पल. कुठलीही गोष्ट सॅम्पल पाहिल्याशिवाय तिला पटत नसे. दिवाळीत माझ्या बायकोने चकलीचं पीठ मळलं तर आधी एक चकली तळायला लावायची. दिलीपसाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे बाजूला सारून मुलीला म्हणाली, "गाणं-बिणं ऱ्हाऊ दे. तुझा राग दाखव कसा असतो ते." मुलगी हसली. आत्याने तिथेच लग्न ठरवलं.

हे वेड बागेतून आलं होतं. एक्स्पोर्टच्या मालाची कथा आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण शहरातल्यांसाठी सांगतो. तोडणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन बागेतून घडांचं सॅम्पल नेतो. त्यात फवारलेल्या औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला की सगळा प्लॉट नापास. त्या अंशाला सगळे शेतकरी 'रेसिड्यू' म्हणतात आणि तो शब्द साप म्हटल्यासारखा उच्चारतात. म्हणून सॅम्पलच्या आधी बरेच दिवस फवारणी बंद ठेवायची असते. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, असताना एका वर्षी त्यांनी भुरी रोगाला घाबरून शेवटच्या दिवसांत एक फवारा मारला आणि प्लॉट नापास झाला. माल लोकल बाजारात कसा गेला आणि पाहुण्यारावळ्यांत किती नाचक्की झाली, हे आत्या मामा गेल्यावरही त्यांच्या फोटोकडे बघून सांगायची. त्यानंतर ती जिवंत असेपर्यंत तिचा एकही प्लॉट नापास झाला नाही.

डोळ्याची गोष्ट सुरू झाली ती द्राक्षाच्या मांडवाच्या लोखंडी अँगलवरून. आत्या चालताना तिचा उजवा खांदा अँगलवर आपटायला लागला. दरवेळी ती मजुरांवर ओरडायची, "हा अँगल कोणी हालवला?" बिचारे शपथा घ्यायचे. एकदा तिने दिलीपला टेप घेऊन ओळ मोजायला लावली. ओळ सरळ होती. मग तिने टेपलाच नावं ठेवली. पुढे एकदा मी नाशिकहून गेलो होतो, समोर बसून जेवत होतो. तिच्या उजव्या हाताशी ठेवलेली कोशिंबिरीची वाटी तिला दिसत नव्हती आणि "वाढायची दानत नाय कुणाची" म्हणून ती सुनेवर घसरली. दुसऱ्या दिवशी तिला गाडीत घालून मी नाशिकला घेऊन आलो. वाटेतल्या चांदोरीपर्यंत तिचं एकच चाललं होतं, की छाटणीच्या दिवसांत माणसाला असं उचलून नेतात का.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी तपासून सांगितलं की काचबिंदू आहे. डोळ्याच्या आतला दाब वाढतो, मागची नस हळूहळू सुकत जाते, दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि कडेचं दिसणं आधी जातं. उजव्यातलं बहुतेक गेलं होतं. डाव्यातलं बरंच शिल्लक होतं.

"मग काढून टाका की. आमच्या शेजारणीचा नाय का काढला?" आत्या म्हणाली.

"तो मोतीबिंदू, आजी. हा काढता येत नाही. गेलेलं परत येत नाही. आहे ते राखायचं. रोज थेंब घालायचे."

"किती दिस?"

"कायमचे."

"असं कोणतं औषध कायम मारायचं असतं? आन् आजी नको म्हणू. साहेब म्हणतात मला."

सुरुवातीला ती थेंब घालायची म्हणजे डोळा धुवायची. मान मागे टाकून बाटली दाबायची ती गालावरून ओघळ गळ्यात जाईपर्यंत. पान ओलं झाल्याशिवाय औषध लागतं का, हा तिचा सवाल. डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोर बसून समजावलं, की डोळ्यात जागाच एका थेंबापुरती असते, जास्तीचा बाहेर वाहतो नाहीतर नाकातून घशात आणि अंगात जातो. "म्हंजे निथळून वाया चाललं माझं," आत्या म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिचं काम बघत राहावं असं झालं. साबणाने हात धुवायची. खुर्चीत बसून खालची पापणी ओढून खिसा करायची. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायची नाही. एक थेंब. मग डोळा मिटून नाकालगतच्या कोपऱ्यावर बोट दाबून ठेवायची, मनात दत्ताची आरती पुरी होईपर्यंत. पुढे दुसरी बाटली आली तेव्हा पहिलीनंतर चहा ठेवायची, उकळायची, पिऊन संपवायची, मगच दुसरी. "दोन औषधं एका टाकीत नाय," असं सुनेला बजावायची. उघडलेली बाटली महिन्यापलीकडे वापरायची नाही म्हणून अमावास्येला शिल्लक असली तरी फेकून नवी काढायची. कुणी डोळ्यात थेंब घालताना दिसलं की शिकवणी सुरू. गावात तिच्या तावडीतून कुणी सुटलं नसेल.

रशीदभाई म्हणजे तिच्या फवारणीच्या ट्रॅक्टरचा चालक, मनमाडकडचा, जुना माणूस. एकदा त्याचा डोळा लाल झाला. फडताळात आत्याची बाटली दिसली म्हणून तो म्हणाला, "साहेब, दोन थेंब द्या ना, लय आग होतीया."

आत्या जी उठली! "शेजारच्याच्या टमाट्याला माझ्या द्राक्षाचं औषध मारतो का तू? कशाला काय हाय ते म्हाईत हाय का? डोळा माझा, दाब माझा, औषध माझ्या नावाचं!"

"चुकलं, साहेब," रशीदभाई म्हणाला. त्याला चहा मिळाला आणि ओझरच्या डॉक्टरकडे जायला ट्रॅक्टरही मिळाला. रशीदभाईला दमा होता. पुढे मी सहज हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की बरं झालं दिलं नाही, त्या थेंबांनी दम्याच्या माणसाचा श्वास अडकू शकतो. बघा. एवढी ज्या बाईला अक्कल, तिच्या औषधाबद्दल आम्ही कशाला शंका घेऊ?

आणि तरीही प्रत्येक तपासणीला डाव्या डोळ्याचा दाब चढलेला. डॉक्टरीणबाई विचारायच्या, "औषध नियमित चालू आहे ना?" आत्या छाती पुढे काढून सांगायची, "एकदम शेड्युलपरमानं." मीही मान हलवायचो. मग एका बाटलीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. डोळा लाल व्हायला लागला, चुरचुरायला लागला. डॉक्टरीणबाई काळजीत पडल्या आणि लवकर लवकर बोलवायला लागल्या. कडेचं दिसणं मोजायच्या यंत्रावर दरवेळी डाव्या डोळ्याचा काळा भाग पुढे सरकलेला. त्या काळ्या भागाचा मला इतका संताप यायचा की घरी येऊन मी औषध कंपनीला, मेडिकलवाल्याला, भेसळीला, सरकारला शिव्या द्यायचो. दिलीप फोनवर म्हणायचा, "रवीदादा, थेंबच तर हायेत, त्यांनी कितीक फरक पडणार?" मग मी त्यालाही द्यायचो.

शेवटी ऑपरेशनचं ठरलं. त्याआधीच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी दाब पाहिला, पुन्हा पाहिला, आणि लिहिता लिहिता अगदी सहज विचारलं, "शेवटचा थेंब कधी घातला होता? काल रात्री ना?"

"काल?" आत्या हसली. "काल कसा घालीन? तपासायला यायचं व्हतं ना."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"म्हंजे काय? तारीख आली की मी आधीपासूनच बंद करते. चांगली बंद करते, इसरून नाय. सॅम्पल द्यायचं तर औषध मारून कसं चालंल? रेसिड्यू लागंल ना! एवढी अडाणी वाटले का तुम्हाला?"

मला ते समजायला थोडा वेळ लागला. मग डोक्यात एकदम सगळं उलगडलं. तपासणी आली की ही औषध बंद करायची. बंद केलं की दाब चढायचा. दाब चढला की डॉक्टरीणबाई अजून लवकर बोलवायच्या, आणि जितकं लवकर बोलावलं तितक्या वेळा हिचं औषध बंद. शेड्युलप्रमाणे! बाटल्या वाढवल्या, तारखा वाढवल्या, आणि त्या डोळ्याला निम्म्याहून अधिक दिवस थेंबच मिळत नव्हता.

मी त्या खोलीत जे ओरडलो ते बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं असणार. आत्याला म्हणालो, तुला एकदा तोंड उघडून विचारता आलं नाही? सगळ्या जगाला शिकवणी देतेस, स्वतः एकदा विचारलं असतंस तर काय तुझी टोपी पडली असती? डॉक्टरीणबाईंना म्हणालो, तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? नियमित चालू आहे का, हा काय प्रश्न झाला? आमच्याकडे कोण म्हणेल की नियमित नाही?

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून आत्याच्या समोर, डाव्या बाजूला बसल्या. "साहेब, आम्हाला औषधाचा अंश असलेलाच डोळा बघायचा असतो. औषध चालू असताना दाब किती राहतो, तेच तर तपासायचं असतं. तपासणीच्या दिवशीसुद्धा थेंब नेहमीसारखे घालायचे. मी बंद करा म्हणेन तेव्हाच बंद."

आत्याला मी जन्मात पहिल्यांदा कुणासमोर गप्प बसलेलं पाहिलं आणि त्याचाही मला राग आला.

गाडीत बसल्यावर आधी तिने मला फैलावर घेतलं, परक्या बाईमाणसावर चारचौघांत ओरडतात का म्हणून. शरणपूर रोडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुझ्या मामानं येक फवारा जास्त मारला म्हणून त्याला मरेस्तोवर बोलले मी," ती म्हणाली. "आन् माझा प्लॉट मीच फेल केला." 'चुकलं' हा शब्द तिने आयुष्यात उच्चारला नव्हता आणि त्या दिवशीही उच्चारला नाही. पण मला तो ऐकायची इच्छा राहिली नाही. मागची गाडी हॉर्न देत होती आणि मला समोरचा सिग्नल धड दिसत नव्हता.

थेंब न चुकता पडायला लागल्यावर दाब उतरला. ऑपरेशन पुढे ढकललं आणि मग लागलंच नाही. पण गेलेलं गेलं होतं. डाव्या डोळ्यात मधोमध एक खिडकी राहिली, हातभर अंतरावरचं माणसाचं तोंड मावेल एवढी. त्या खिडकीतून ती घड बघायची, मण्याला नखाने टोचून रस जिभेला लावायची आणि तोडणीची तारीख सांगायची. ओरडणं तेवढंच होतं. फक्त आता ती ज्याच्यावर ओरडायची तो माणूस दुसरीकडेच उभा असायचा, आणि तरी तिकडून "चुकलं, साहेब" यायचं. ते ऐकलं की मला कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटायचं. कुणाचं, ते कळत नसे.

काचबिंदू घराण्यात असतो, रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आत्याने ते आदेशासारखं घेतलं. दिलीपला नेलं, त्याच्या मुलींना नेलं. मी टाळत होतो. कारखान्यात रजा नव्हती आणि मला तर सगळं स्वच्छ दिसत होतं. एक दिवस दार वाजलं. इंदिरानगरच्या माझ्या घरासमोर आत्या उभी. एकटी. सायखेड्याहून एसटीने नाशिक, तिथून रिक्षा, त्या एवढ्याशा खिडकीच्या जोरावर. उजव्या कोपराला खरचटलं होतं.

"तुला वेड लागलंय का?" मी ओरडलो. "गाडीखाली आली असतीस म्हणजे?"

"आले नाय ना? चप्पल घाल. एका काडीची झाडं हाय आपण. माझ्या पानावर डावणीचा रोग हाय तर तुझं पान बघितल्याबिगर मी जेवायची नाय."

माझ्या दोन्ही डोळ्यांत सुरुवात झालेली निघाली. अगदी सुरुवात. मी सुन्न झालो. आत्या मात्र दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना खुशीत होती. "पहिल्याच पानावर घावली. बाग जात नाय आता." आणि मग माझ्या दंडाला धरून, "फक्त माझ्यासारखा शहाणा होऊ नको."

गेल्या थंडीत तिला न्युमोनिया झाला. दवाखान्यात छातीत घरघर चालली होती, बोलताना धाप लागायची. संध्याकाळी तिने थेंबाची वेळ झाल्याची खूण केली. दिलीप रडवेला होऊन म्हणाला, "आई, ऱ्हाऊ दे ना आता डोळ्याचं." नर्सही म्हणाली की एक दिवस नाही घातला तर काही होत नाही. मला त्या दोघांचाही असा राग आला, की मी त्यांना बाजूला सारून हात धुवायला गेलो. आलो तेव्हा आत्याने मास्क बाजूला केला होता.

"घाल," ती म्हणाली. "वर गेल्यावर सॅम्पल घेत्याल तर घेऊ दे. रेसिड्यू लागला तरी चालंल."

मी पापणी ओढून एक थेंब घातला. तिच्या हाताला सुई होती म्हणून नाकालगतचा कोपरा मीच दाबून धरला. मला आरती येत नव्हती. तिचे ओठ हलत होते, ते थांबेपर्यंत मी बोट काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

परवा माझी तपासणी होती. रात्रीचा थेंब घालून गेलो होतो. डॉक्टरीणबाईंकडे आता दारातच विचारतात, "शेवटचा थेंब कधी घातला?" आत्यामुळे विचारतात. माझ्या पुढे निफाडकडचे एक बाबा होते, पांढरी टोपी, बोटांवर द्राक्षाच्या औषधाचे डाग.

"परवापासून बंद हाय ना," ते मदतनीस मुलीला समजुतीने सांगत होते. "तपासायला यायचं म्हणल्यावर बंद नको का ठिवायला? खरं काय ते दिसू दे डॉक्टरला."

मी कधी उठलो ते मला कळलं नाही. "कुणी सांगितलं बंद ठेवायला?" माझा आवाज जिन्यापर्यंत गेला. "विचारलं का कुणाला? हा काय द्राक्षाचा प्लॉट आहे? औषध चालू असताना किती दाब राहतो तेच बघायचं असतं इथे! आहे तोही डोळा घालवायचाय का? आज घरी गेल्या गेल्या थेंब घालायचा, आणि पुढच्या वेळी घालूनच यायचं. कळलं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या बाबांची माझी ओळख ना देख. ते माझ्यावर उखडले असते तर त्यांचं बरोबर होतं. पण त्यांनी हळूच टोपी काढली, हातात धरली आणि म्हणाले, "चुकलं, साहेब."

रीत होती ती पाळायला मी जिना उतरलो आणि खालच्या टपरीवर दोन चहा सांगितले.